कोंबडीच्या पायाचं अक्षर

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मला इतिहास मंडळाचं पत्र आलं. या घरात कागद येतो तो विजेच्या बिलाचा नाहीतर मुलाच्या नावाचा. ह्यावर माझं नाव होतं, त्याच्या आधी 'श्रीमती', आणि तेही छापलेलं. नातीनं वाचून दाखवलं. मग मी माझं मी वाचलं. मग भाजी चिरताना पुन्हा वाचायला घेतलं तेव्हा पत्राचा एक कोपरा ओला झाला, तो इस्त्रीखाली धरून वाळवला. सून म्हणाली, आई, चौकटीत लावा आता. चेष्टेनं म्हणाली, पण कल्पना वाईट नाही.

मंडळ म्हणजे जुन्या टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर बसतात ती माणसं. चष्मेवाली. दोऱ्याच्या कारखान्याला यंदा शंभर वर्षं होतात म्हणे, म्हणून त्यांनी बेत आखलेत: एक प्रदर्शन, एक पुस्तिका, चिमणीपाशी फलक, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लोकांना जुन्या जागा दाखवत फिरवायचं. कारखान्यातल्या जुन्या माणसांकडे काही वस्तू, कागद, आठवणी असतील तर द्या, असं लिहिलंय. मी तिथे नऊ वर्षं रिळं भरली. आणि आमचे हे तर बॉयलरवर होते.

आनंदाच्या भरात लिहावंसं वाटलं, म्हणून ट्रंकेच्या तळाची ही वही काढली. हिच्या पुढच्या बाजूला माझी गिरवणी आहे, एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. ती वाकडी अक्षरं बघवत नाहीत, आणि दुसरंही कारण आहे, ते राहू दे. वही उलटी केली आणि मागून सुरुवात केली. एवढी कोरी पानं वाया का घालवायची?

शाळा माझी दुसरीपर्यंत. मग आई आजारी, धाकटी भावंडं माझ्या कडेवर, आणि पाटी गेली चुलीमागे. मला लिहायला शिकवलं ते ह्यांनी, लग्नानंतर. घरात पुस्तक कुठलं? कामावरून आले की आपली बॉयलरची वही माझ्यापुढे टाकायचे आणि म्हणायचे, आजचं पान उतरव. लोक कमळ-बदक लिहून शिकतात. मी जन्मात पहिलं वाक्य लिहिलं ते 'वॉल अडकतोय, सांगितलं'. नातीला सांगितलं तर ती हसून लोळायची बाकी राहिली.

त्या वहीत एक अक्षर होतं, ते मला कधी लागलं नाही. कोंबडीच्या पायासारखं, तीन बोटं पुढे आणि एक मागे. पानाच्या शेवटी असायचं. ह्यांना विचारलं की म्हणायचे, ते तुझ्या कामाचं नाही, पण उतरव, सगळं जसंच्या तसं उतरव. मी उतरवायची. बाकी अक्षरांपेक्षा तेच मला झकास जमायचं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मंडळात जाऊन आले. मुलगा नको म्हणत होता. म्हणाला, झाकली मूठ झाकलेलीच बरी, आई. बॉयलर फुटला तेव्हा तो चार वर्षांचा होता. पुढे शाळेत पोरं त्याला 'डुलकी' म्हणून हाका मारायची. डुलकी, फळा पूस. डुलकी, चेंडू आण. अजून त्याच्या वयाचा एकजण त्याला भर बाजारात तशीच हाक मारतो, प्रेमानं, आणि हा हसतो. मला ते हसणं दिसतं.

हे लिहूनच टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. बॉयलर फुटला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. तीन माणसं गेली. एक आमचे हे, एक रंगखात्यातला मुकादम आणि तिसरा गल्लीत आमच्या समोर राहते त्या समोरचीचा नवरा. चौकशी झाली आणि ठरलं की बॉयलरमनला डुलकी लागली, त्यानं पाणी कमी होऊ दिलं. मेलेला माणूस काय बोलणार! मी एवढंच म्हणत राहिले की हे झोपले नव्हते. कशावरून, असं लोक विचारायचे. ह्यांना घरातसुद्धा नळाचा थेंब पडला तरी जाग यायची. पण असल्या गोष्टी चौकशीत चालत नाहीत.

तर मंडळ. जिना उभा आहे, मधे दोनदा टेकले. वर मोठी खोली, भिंतीला कपाटं, आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. चिटणीस म्हणजे शाळेचे निवृत्त हेडमास्तर. खुर्ची स्वतः पुसून दिली मला. चहा मागवला, सोबत दोन जातींची बिस्किटं. मी ह्यांची बॉयलरची वही पिशवीतून काढून दिली. ती वेगळी, ही वेगळी: ती ह्यांच्या हातची, काळ्या पुठ्ठ्याची, माझ्या अंगठ्याएवढी जाड. कचेरीत मोठं रजिस्टर असायचं, तरी हे आपली वेगळी ठेवायचे आणि मोठ्या मालकांकडे रोज घेऊन जायचे. स्वभाव चिकट.

चिटणीस पानं उलटत गेले आणि मग थांबले. मग मागे आले, मग पुन्हा पुढे. त्यांच्या चहावर साय धरली. उठून त्यांनी खिडकी लावली, म्हणाले वारा येतो. वारा काही नव्हता, पण वयाला थंडी लागते. मग विचारलं, असं आणखी काही आहे का घरी? कागद, नक्कल, काहीही? मी म्हटलं, नाही हो, एवढंच. ही गिरवणीची वही काय दाखवायची, माझीच फजिती.

एका छापील कागदावर त्यांनी माझी सही घेतली, वस्तू मंडळाला कायमची दिली म्हणून. मी सही केली तर म्हणाले, सुंदर अक्षर आहे हो तुमचं. एका हेडमास्तरांनी मला असं म्हटलं! जिना उतरताना एकदाही टेकले नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज आवाज भरला माझा. टेबलावर काडेपेटीएवढं यंत्र ठेवलं, चिटणीस स्वतः प्रश्न विचारत होते. कामाला किती वाजता जायचात, रीळ कसं भरायचं, सुटीत काय करायचात. मी सगळं सांगितलं. दोरा तुटला की दाताखाली धरून गाठ मारायची, त्यानं सगळ्या बायकांच्या पुढच्या दाताला खाच पडलेली असायची, ते सांगितलं आणि माझी दाखवली. समोरची आणि मी एकाच यंत्रावर समोरासमोर होतो, तिची गाठ माझ्यापेक्षा बारीक, तेही प्रामाणिकपणे सांगितलं.

मग मी त्या दिवसावर आले तर यंत्राचा सेल गेला. नवा घातला. मी पुन्हा तिथून सुरुवात केली तर ते म्हणाले, थांबा, यंत्रातली जागा भरत आली, आपण गाण्यांचं घेऊ, कामावर गाणी म्हणायचात ना? मग गाणी म्हटली तीन. आवाज अजून लागतो माझा.

माझा तो एक दिवस तेवढा राहून गेला. पुढच्या खेपेला सांगेन.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मंडळाचे अध्यक्ष घरी आले! मोठ्या मालकांचा नातू. मोटार गल्लीत मावेना, दोन चाकं गटारीच्या फरशीवर. हातात फुलं. आमच्याकडे फुलदाणी नाही, सुनेनं ती पाण्याच्या तांब्यात ठेवली.

किती साधा माणूस. चहा बशीत ओतून प्यायला. म्हणाला, आजी, तुमच्या यजमानांची वस्तू आमच्या प्रदर्शनाच्या मधोमध राहील, काचेत. उद्घाटनाला तुम्ही पहिल्या रांगेत. मग त्यानंही तेच विचारलं, आणखी काही कागद आहेत का. मी म्हटलं, असते तर तेव्हाच दिले नसते का? तर हसला. दात अगदी आजोबांसारखे.

मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. मोटार गेल्यावर म्हणाला, मांजर दुधाची चौकशी उगीच करत नाही. ह्याला कुणाचं चांगलं बघवत नाही, दुसरं काय.

समोरचीनं खिडकीतून मोटार पाहिली आणि खिडकी लावून घेतली. एक्केचाळीस वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही. गल्ली केवढी, दोन्हीकडून हात लांब केले तर बोटं लागतील. कपडे वाळत घालताना ती माझ्याकडे पाठ करते, मी शिंकले तरी वळत नाही. एकदा तिचा नातू माझ्या दारात पडला, मी उचलून गुडघा धुतला, तर तिनं घरी नेऊन तोच गुडघा पुन्हा धुतला. त्याआधी आम्ही एका डब्यात जेवायचो.

तिचा माझ्यावर राग नाही, ह्यांच्यावर आहे. पण ते गेले, मी आहे. राग ठेवायला जागा तर लागते.

२३ फेब्रुवारी, रविवार

नवे बूट आणले उद्घाटनासाठी. चावतात. घरात घालून फिरते आहे म्हणजे सैल होतील. नात म्हणते आजी टापटाप घोड्यासारखी वाजतेस.

मनात एकच आहे, ते इथे लिहिते, कुणाला सांगत नाही. मोठमोठ्या शिकलेल्या माणसांनी वही वाचली आहे, मानानं काचेत ठेवणार आहेत. म्हणजे त्यांना त्यात काहीतरी सापडलं असणार. फलकावर ह्यांचं नाव नीट लिहितील. मग समोरची ते कुणाकडून तरी ऐकेल. ती काही लगेच दार उघडणार नाही, मला ठाऊक आहे ती. पण कपडे घालताना पाठ तरी करणार नाही.

२ मार्च, रविवार

पाय सुजलेत. जेवले नाही. जसं झालं तसं लिहिते.

चिमणीपाशी मांडव होता, खुर्च्या होत्या. मी पहिल्या रांगेत, अध्यक्षांच्या आईशेजारी. त्यांनी मला विचारलं, उन्हाचा त्रास होत नाही ना? मी म्हटलं, सवय आहे. फलकावरचा पडदा अध्यक्षांनी दोरी ओढून बाजूला केला. मी वाचायला हळू. टाळ्या पडल्या तेव्हा मी दुसऱ्या ओळीवर होते. सगळ्यांनी वाजवल्या म्हणून मीही वाजवल्या. मग पुढे वाचलं.

फलकावर असं आहे: 'कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे बॉयलर फुटून तीन जणांचा मृत्यू झाला. मोठ्या मालकांनी खचून न जाता अकरा महिन्यांत कारखाना पुन्हा उभा केला.'

तीन वेळा वाचलं. मला वाटलं मीच चुकते आहे, एखादं अक्षर दुसरंच असेल. नाही. ह्यांचं नावसुद्धा नाही. कर्मचारी. आधी लोक तोंडानं बोलायचे, ते वाऱ्यावर जायचं. आता ते पितळेत कोरलंय, आणि त्याला मी टाळ्या वाजवून आले.

नंतर सगळ्यांना प्रदर्शनाला नेलं. ह्यांची वही खरंच मधोमध, काचेत, खाली मखमल. उघडी होती ते पान कोरं होतं, एका कोपऱ्यात फक्त मुलाची उंची लिहिलेली, तो तीन वर्षांचा असतानाची. खाली चिठ्ठी: 'एका कामगाराची घरगुती वही'. मी वाकून बाजूनं पाहिलं. माझ्या अंगठ्याएवढी जाड होती ना, आता करंगळीएवढी आहे. शिवणीचा दोरा मधे सैल लोंबतोय. मी नऊ वर्षं दोऱ्यात काढली, सैल दोरा मला दुरून दिसतो. मग वाटलं, जुना कागद आहे, सुकत असेल. एसीत ठेवतात ना.

शेजारी मोठ्या मालकांची तसबीर, माणसाएवढी उंच. आणि तिच्या खाली तेच अक्षर. तीन बोटं पुढे, एक मागे. कोंबडीचा पाय.

मला इतकं बरं वाटलं की फलक क्षणभर विसरले. चिटणीस तिथेच होते. मी म्हटलं, "सर, हे कुठलं अक्षर हो? एक्केचाळीस वर्षं मला लागलं नाही."

ते म्हणाले, "अक्षर नाही आजी. मोठ्या मालकांची सही आहे ती."

मी म्हटलं, "अगंबाई. मग माझ्या वहीत ती पानोपानी आहे."

"तुमची वही तर इथे काचेत आहे."

"ही ह्यांची. माझी वेगळी. ह्यांचं पान मी रोज उतरवून काढायची, जसंच्या तसं."

चिटणीसांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष कुणाशी तरी हसून बोलत होते, ते तसेच हसते राहिले, पण बोलायचे थांबले.

३ मार्च, सोमवार

मुलानं फलक वाचला. 'म्हटलं नव्हतं का' तेवढं तरी म्हणायचं होतं त्यानं. जेवून हात धुतला आणि कामावर गेला.

बूट परत खोक्यात घातले.

५ मार्च, बुधवार

चिटणीस आले होते, एकटे, पायी. दारातूनच दोन्ही हात जोडले. बरोबर एक नवी दैनंदिनी आणली होती, चामड्याची, पानांना सोनेरी कड, मधे रेशमी फीत. म्हणाले, "आजी, तुम्ही लिहिता असं तुमच्या नातीकडून कळलं. ही तुम्हाला. आणि ती जुनी वही मंडळाकडे द्या, कपाटात सुरक्षित राहील. घरी वाळवी लागते, उंदीर लागतात."

मी म्हटलं, "इथे एक्केचाळीस वर्षांत उंदीर लागला नाही. तुमच्याकडे महिन्यात निम्मी खाल्ली."

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला कळलं नाही. ठरवून बोलले असते तर जमलं नसतं. ते बघतच राहिले, आणि मीही. तोवर मी म्हणत होते ना, कागद सुकतो म्हणून.

मग ते खुर्चीत बसले. खूप वेळ चष्मा पुसला. म्हणाले, मंडळाची जागा, छपाई, सगळं अध्यक्षांच्या घराण्याच्या कृपेवर चालतं, आजी. तीस वर्षं मी ते डबे लावतोय. हे बंद पडलं तर गावाचा सगळाच इतिहास जाईल. मी म्हटलं, म्हणजे सगळा वाचावा म्हणून आमचा तेवढा घालवलात. वाईट माणूस नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

वही मागितली पुन्हा. मी म्हटलं, देता येत नाही, अजून भरायची आहे. चामड्याची त्यांच्याबरोबर परत पाठवली. फीत मात्र सुंदर होती.

६ मार्च, गुरुवार

दुपारी सगळे बाहेर गेल्यावर दाराला कडी घातली आणि वही सुलटी केली.

ह्या पानांना मी उतरवली तेव्हापासून हात लावला नव्हता. कारण माझ्या ओळींमधे हे पेन्सिलीनं दुरुस्त्या करायचे. एखाद्या वेलांटीला खूण, एखाद्या ओळीखाली 'बरं', 'ठीक', 'घाई केलीस'. ते बघायचा धीर नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला ती पानं वाचायची असतात असं कधी वाटलंच नाही. मी अक्षरं काढली होती. चित्रं काढतात तशी. भरतकामाच्या टाक्यांत कुणी गोष्ट शोधतं का?

आज वाचलं. बोट ठेवून, मोठ्यानं.

'वॉल अडकतोय. सांगितलं. पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले.' खाली कोंबडीचा पाय. त्याच्या पुढच्या आठवड्यात, 'वॉल तसाच. सांगितलं.' कोंबडीचा पाय. 'हातोडीनं ठोकून सोडवला. नवा हवा. सांगितलं.' कोंबडीचा पाय. अशी एकोणीस पानं. वॉल म्हणजे व्हॉल्व्ह, बॉयलरच्या डोक्यावरचं झाकण, वाफ जास्त झाली की आपोआप उचललं जातं. कुकरची शिटी नाही का? शिटी अडकली की काय होतं ते कुठल्याही बाईला विचारा.

मोठे मालक रोज सही करत होते. बहुधा न वाचता करत असतील. मी न वाचता उतरवत होते. वाचणारे एकटे हेच.

शेवटचं पान आदल्या दिवशीचं. 'वॉल पूर्ण अडकला. वाफ उतरवून बंद ठेवतो म्हणालो. नको म्हणाले, माल अडला आहे. पाणी पुरेसं. काटा वर.' सही. हे मी त्या संध्याकाळी लिहिलं. मला आठवतं, कारण मी फार जपून लिहिलं होतं, एकही खाडाखोड नाही, आणि हे इतके गप्प होते की मला वाटलं लक्षच नाही ह्यांचं. मी पान पुढे केलं. खाली त्यांच्या हातचं लिहिलंय: 'छान'.

एवढंच. मी आनंदानं दिवा मालवला असेन.

८ मार्च, शनिवार

काल दिवसभर धीर झाला नाही. आज गल्ली ओलांडली. चार पावलं आहेत.

समोरची ओट्यावर मटार सोलत होती. तिला वाचता येत नाही. मी उभी राहिले, तिनं मान वर केली नाही. मी तशीच वाचायला लागले. पहिल्या पानापासून, एकोणीसही. मधे एकदा घसा सुकला तर तिनं पाणी विचारलं नाही. शेंगा सोलण्याचा आवाज मात्र थांबला होता.

संपल्यावर ती बोलली. एक्केचाळीस वर्षांनी पहिला शब्द. मला वाटायचं तो शब्द कसा असेल.

"हे कुठे होतं?"

"माझ्या ट्रंकेत."

"इतकी वर्षं?"

"हो."

"आणि तुला वाचता येत होतं."

मी काय सांगू? चित्रं काढली होती म्हणून सांगू? म्हटलं, "येत होतं."

तिनं सोललेल्या मटारांत हात घातला आणि बाहेर काढला, काही घेतलं नाही. "मी त्याला शिव्या दिल्या," ती म्हणाली. "रोज. उठल्यावर पहिलं काम तेच. माझी पोरं त्या शिव्या ऐकत मोठी झाली. आणि तुझ्या ट्रंकेत."

मी म्हटलं, चूक झाली. ती म्हणाली, "माझ्या माणसाचं नाव आहे का त्यात कुठे?"

मी पुन्हा सगळी पानं पाहिली, ती बघत असताना. नाही. म्हटलं, नाही गं.

तिनं टोपली उचलली, आत गेली आणि दार लावलं. आपटलं नाही. लावलं.

मी ज्याची एवढी वर्षं वाट पाहिली ते हेच होतं का? आमचे हे झोपले नव्हते एवढं कळलं तिला. पण आता तिचा राग ह्यांच्यावर नाही, माझ्यावर आहे, आणि तो रास्त आहे. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं. वही परत आणून उशीखाली ठेवली. मुलाला जेवताना वाचून दाखवली. तो रडला, मग म्हणाला, आई, मीठ दे.

१४ मार्च, शुक्रवार

नात वही घेऊन मंडळात गेली होती, माझ्या परवानगीनं, हातातून सोडायची नाही या अटीवर. तिथे तिला अध्यक्ष म्हणाले, अक्षर बाईंचं आहे, सही बाईंनी काढलेली आहे, ही नक्कल आहे, पुरावा नव्हे. मूळ वही असती तर विचार केला असता.

मूळ वही असती तर. चोर तो चोर, वर शिरजोर.

नातीला विचारलं, चिटणीस हे बोलले का? नाही, ते म्हणे कपाटाकडे तोंड करून डब्यांच्या चिठ्ठ्या नीट करत होते.

६ एप्रिल, रविवार

आज मंडळाची पहिल्या रविवारची फेरी. मी सकाळी घरातच होते. जायचं ठरवलं नव्हतं, कशाला जाऊ? दारावर थाप पडली. उघडलं तर समोरची. केस विंचरलेले, ठेवणीतले कपडे, पायात बंद बूट.

म्हणाली, "वही घे."

मी म्हटलं, "आत तरी ये."

"तुझ्याशी बोलायला नाही आले. मला वाचता येत नाही, म्हणून तुला नेतेय."

गेलो. ती दहा पावलं पुढे, मी मागे, आणि माझे नवे बूट अजून चावतात. चिमणीपाशी पंधरा-वीस माणसं होती, गळ्यात मंडळाच्या पट्ट्या. चिटणीस फलकाबद्दल सांगत होते. निष्काळजीपणा या शब्दापाशी आले आणि त्यांनी आम्हाला पाहिलं. तो शब्द ते नीट म्हणाले नाहीत, खोकले.

समोरचीनं मला कोपरानं ढकललं. फलकाच्या पायरीवर उभी राहून मी वाचलं. आवाज बारीक निघत होता, चष्मा घसरत होता, दोनदा ओळ चुकली. लोकांनी ऐकलं. काहींनी फोन वर धरले. एक बाई मला म्हणाली, किती गोड, अजून लिहिता-वाचता तुम्ही. एकानं विचारलं, हे कार्यक्रमात आहे का? चिटणीस खाली बघत म्हणाले, नाही, हे कार्यक्रमात नाही, आणि मग म्हणाले, पण ऐका. एवढंच म्हणाले. मी 'छान'पर्यंत पोचले तेव्हा निम्मे लोक पुढच्या जागेकडे निघाले होते, जुन्या विहिरीकडे. तिथे चहा होता.

फलक तसाच आहे. पितळ आहे, कशानं जाणार?

येताना ती पुन्हा दहा पावलं पुढे. एकदाही वळली नाही. मला वाटलं, झालं, संपलं. तिच्या दारापाशी पोचून तिनं कडी काढली आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली,

"पुढच्या महिन्यात जरा मोठ्यानं वाच."